घरातल्या छोट्या कुत्र्यासाठी गेट : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरत आला आणि खिडक्यांना कुलर लागले की हे प्रश्न वाढतात. हिवाळ्यात खोलीचं दार लोटलं की कुत्रा आत राहतो, विषय संपतो. कुलर सुरू झाला की दारं उघडी ठेवावी लागतात. मग पग थेट ओट्याखाली आणि पॉम थेट देवघरात. खालचे प्रश्न दहा-बारा किलोपर्यंतच्या कुत्र्यांचे आहेत. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांना उंचीचं आणि मजबुतीचं गणित वेगळं लागतं, ते इथे नाही. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसरं उत्तरही पाहायला हवं, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. घरातल्या घरात गेट कशाला? खोलीचं दार लावलं की झालं ना?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हो, दार पुरतं. उन्हाळ्यात नाही. कुलर बाहेरची हवा ओल्या गवतातून किंवा पॅडमधून ओढून आत फेकतो. ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच खोली थंड होते. दार लावलं की अर्ध्या तासात खोली दमट होते, चादर ओलसर लागते आणि कुलर नुसताच घरघरत राहतो. माणसाला ते चिकचिक वाटतं. कुत्र्याला मात्र त्रास होतो, कारण त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ काढून धापा टाकत, तोंडातला ओलावा उडवून शरीर थंड करतो. दमट हवेत तो ओलावा उडत नाही. पग, शिह त्झू, ल्हासा यांच्यासारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांची तर आधीच श्वासाची ओढाताण असते.

गेटमधून हवा खेळते आणि कुत्रा जागेवर राहतो. शिवाय त्याला घरचे लोक दिसत राहतात, त्यामुळे बंद दारामागे होते तेवढी रडारड होत नाही.

२. बाजारात कोणकोणते प्रकार मिळतात?

चार प्रकार. पहिला, दाबावर बसणारा : चारही कोपऱ्यांना रबरी टोकाचे बोल्ट असतात, ते फिरवून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दाब द्यायचा. भोक पाडावं लागत नाही. दुसरा, स्क्रूने भिंतीला किंवा चौकटीला पक्का केलेला. तिसरा, नुसता उभा राहणारा, घडीच्या पॅनलांचा. चौथा, पडद्यासारखा गुंडाळला जाणारा जाळीचा.

पाचवा प्रकार कुठल्याच डब्यात येत नाही, आपल्या गल्लीतला वेल्डर तो करून देतो. आमच्या मते नागपुरातल्या बऱ्याच घरांना तोच सगळ्यात नीट बसतो (प्रश्न १० पाहा). जाळीचा गुंडाळणारा प्रकार दिसायला सुरेख, पण दात येत असलेल्या पिल्लापुढे तो टिकत नाही. शांत, वयस्क कुत्र्यासाठी घ्यायला हरकत नाही.

३. माप कसं घ्यायचं? दार तीन फुटांचं आहे, मग तीन फुटी गेट मागवलं तर?

बसणार नाही. तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर हे बहुतेक वेळा चौकटीचं बाहेरचं माप असतं. दोन्ही बाजूंच्या चौकटीची जाडी वजा केली की मोकळी जागा ७७ ते ७९ सेंटिमीटर उरते. गेटला ही मोकळी जागा हवी असते.

टेप सेंटिमीटरमध्ये धरा, कारण डब्यावरची मापं त्यातच असतात. तीन ठिकाणी मोजा : जमिनीलगत, मधे, आणि गेटची वरची कड जिथे येईल तिथे. जमिनीलगत मोजताना टाइल्सची स्कर्टिंग विसरू नका. चौकट नसलेल्या ठिकाणी ती दोन्ही बाजूंनी साधारण एकेक सेंटिमीटर पुढे आलेली असते, म्हणजे खालची रुंदी वरच्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरते. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा घेऊन गेट निवडा. दाबाच्या गेटचे चारही बोल्ट वेगवेगळे फिरतात, त्यामुळे वर-खाली थोडा फरक असला तरी ते सांभाळून घेतं. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत भिंत ओळंब्यात नसते आणि फरक तीन-चार सेंटिमीटरचा निघतो. तिथे तयार गेटाच्या नादी लागू नये.

डब्यावर ‘७५ ते ८२’ असं लिहिलेलं असेल आणि तुमची जागा ८१ असेल, तर बोल्ट जवळजवळ पूर्ण बाहेर येतील आणि गेट डुगडुगेल. अशा वेळी जोडपट्टी (रुंदी वाढवणारा सुटा तुकडा) लावा किंवा पुढचं माप घ्या. जागा डब्यावरच्या खालच्या आकड्याजवळ असलेली बरी.

शेवटचं माप चौकटीच्या जाडीचं, म्हणजे ती भिंतीत किती खोल आहे त्याचं घ्या. गेट चौकटीच्या जाडीत बसवलं तर दाराचं पान मिटतं का, हे आधी पाहा. पान मिटलं तर हिवाळ्यात दार आणि उन्हाळ्यात गेट, दोन्ही एकाच जागी वापरता येतात.

४. गजांमधली फट किती असावी?

पूर्ण वाढलेल्या पग, बीगल, डॅशहंड, पॉमसाठी ४ ते ५ सेंटिमीटर. चिहुआहुआ, टॉय पूडल किंवा कोणत्याही दोन-तीन महिन्यांच्या पिल्लासाठी तेवढी फटही जास्त होऊ शकते.

नियम साधा आहे : जिथून डोकं जातं तिथून पिल्लू जातं. पण याहून वाईट म्हणजे डोकं जातं आणि खांदे अडकतात. मागे ओढताना कान आणि जबडा आडवे येतात, पिल्लू घाबरतं, जास्त जोर लावतं. म्हणून कुत्रा बसलेला असताना दोन वह्या त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या सगळ्यात रुंद भागाला टेकवून उभ्या धरा आणि मधलं अंतर मोजा. फट त्याहून निदान एक सेंटिमीटर कमी हवी. केसाळ जातींत केस दाबून मोजा, नाहीतर पॉमचं डोकं आहे त्याच्या दीडपट भरेल.

पिल्लू वाढतं, म्हणून त्याच्यासाठी वेगळं गेट घेऊ नका. गेटच्या खालच्या फूट-सव्वा फुटाला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी केबल टायने बांधा. जाळीची कापलेली टोकं माणसांच्या बाजूला वळवून दाबून टाका आणि टायची शेपटंही कापा, कारण पिल्लं ती चघळतात. चार-पाच महिन्यांनी पुन्हा वह्या लावून मोजा आणि मग जाळी काढा.

गेटच्या खालची फटही याच हिशेबात धरायची. ती ३ सेंटिमीटरच्या वर नको.

५. उंची किती घ्यावी?

बाजारातली बहुतेक गेटं ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतात. पग, शिह त्झू, ल्हासा, डॅशहंड यांना ती भरपूर झाली. पॉम (आपल्याकडे पॉम म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो) चांगली उडी मारतो, पण ७५ वरून सहसा जात नाही. मिनिएचर पिन्शर आणि जॅक रसेल असेल तर ९० च्या खाली जाऊ नका. त्यातही जॅक रसेलचा भरवसा नाही.

बीगल उडी कमी मारतो, चढतो जास्त. त्याच्यासाठी उंचीपेक्षा आडवे गज नसणं महत्त्वाचं आहे. गेटजवळ मोढा, शू-रॅक, पाण्याचा कॅन ठेवला असेल तर उंचीचा सगळा हिशेब वाया गेला म्हणून समजा.

डॅशहंडबाबत एक वेगळी काळजी. गेट त्याच्या आवाक्यात वाटेल इतकं बुटकं असेल तर तो प्रयत्न करत राहतो, आणि लांब पाठीच्या या जातीत मणक्याच्या चकत्या सरकण्याचं दुखणं मुळातच जास्त आहे. त्याला सोळा-अठरा इंची फळी लावून ठेवू नका.

६. मुलगा मोठा झाला, त्याचं बाळ-गेट माळ्यावर पडून आहे. तेच वापरलं तर?

वापरा, बरेच लोक तेच करतात. फक्त फट तपासा. बाळ-गेटांत ती साधारण ५-६ सेंटिमीटर असते, म्हणजे लहान पिल्लाला जाळी बांधावी लागेल (प्रश्न ४). जुनं, कात्रीसारखं पसरणारं लाकडी गेट असेल, ज्याच्या वरच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खोबणी तयार होते, ते मात्र वापरू नका. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांची मान अडकते म्हणून त्या जातीच्या जुन्या गेटांविरुद्ध इशारा दिलेला आहे. कुत्र्याच्या मानेचंही तेच होईल.

७. नवं दाबाचं गेट उघडलं तर वरच्या कडीत आणि चौकटीत दोन बोटं फट आहे. माल वाकडा आला का? परत करू?

थांबा, परत करू नका. हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो.

दाबाच्या गेटची चौकट खालून जोडलेली आणि वरून मोकळी असते, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी. जमिनीवर ठेवल्यावर तिचे वरचे दोन हात बाहेर पसरलेले असतात आणि कडी खाचेपर्यंत पोहोचत नाही. दारात उभं करून वरचे बोल्ट फिरवत गेलं की भिंत त्या हातांना आत ढकलते आणि फट मिटत जाते. कडी सहज लागेल इतकी फट उरली की थांबायचं. आधी खालचे दोन बोल्ट घट्ट करा, मग वरचे दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने. एकच बाजू पिळत नेली तर गेट तिरपं होतं आणि कडी वर घासते.

सगळं करूनही फट राहिली तर माप चुकलंय. प्रश्न ३ वर परत जा.

८. भाड्याचा फ्लॅट आहे, घरमालक भोक पाडू देत नाही. दाबाचं गेट टिकेल?

भिंत कशाची आहे त्यावर आहे. लाकडी चौकटीवर उत्तम टिकतं. ग्रॅनाइटच्या किंवा मार्बलच्या गुळगुळीत पट्टीवर रबर हळूहळू घसरतं. तिथे गेटसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा आणि बोल्ट त्या वाट्यांत बसवा. चिकटवण्याआधी दगड स्पिरिटने पुसा. स्वयंपाकघराच्या दगडावर तेलाचा थर असतोच, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

पुट्टी मारलेल्या भिंतीवर बोल्ट थेट टेकवू नका. महिन्याभरात पुट्टीत गोल खड्डा पडतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. मधे हाताएवढा प्लायचा तुकडा द्या, म्हणजे दाब पसरतो.

आठवड्यातून एकदा गेट हलवून बघायची सवय लावा. उन्हाळ्यात लाकूड वाळतं आणि दाब सुटतो.

९. आमच्या स्वयंपाकघराला दारच नाही, हॉलकडे सरळ पाच-सहा फुटांची मोकळी जागा आहे. काय लावायचं?

नव्या फ्लॅटांत हे सर्रास आहे. दाबाचं गेट इतक्या रुंदीला लावू नये. जोडपट्ट्या वाढवत नेल्या तर मधोमध लवतं. घडीचं उभं गेट लावता येतं, पण ते स्वतःच्या वजनावर उभं असतं. सहा-सात किलोचा बीगल नाकाने ढकलत ते ओट्यापर्यंत नेईल. शांत शिह त्झूला चालेल.

पक्का उपाय दोन तुकड्यांचा : एक तुकडा भिंतीला कायम, दुसरा उघडझाप करणारा. तो वेल्डर करून देतो. कुत्र्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवण्याऐवजी त्याचाच कोपरा आखून द्यायचा असेल, तर घडीच्या पॅनलांचं गोल कुंपण याहून स्वस्त आणि सोपं पडतं.

स्वयंपाकघर अडवण्याची कारणं सोवळ्यापलीकडचीही आहेत. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी आहे, आणि आपल्याकडे कांद्याची टोपली बहुतेक घरांत जमिनीवरच असते.

१०. वेल्डरकडून बनवून घेतलं तर त्याला नेमकं काय सांगायचं?

‘कुत्र्यासाठी गेट पाहिजे’ एवढंच सांगितलं तर तो कंपाउंडचं फाटक लहान करून आणून देईल, बाप्पा. वर भाले, खाली चार इंच फट, गज हाताएवढ्या अंतरावर. कागदावर चित्र काढून न्या आणि एवढं ठरवून घ्या :

चौकट पाऊण इंची चौकोनी पाइपची, आत ८ मिलिमीटरचे उभे गोल गज, मधली स्वच्छ फट ४ सेंटिमीटर. ‘स्वच्छ’ हा शब्द दोनदा सांगा, कारण वेल्डर गजाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो. मधे आडवा गज नको. वरची कड सपाट. जमिनीपासून अडीच सेंटिमीटर वर. बिजागरी अशी की गेट उचलून काढता येईल, म्हणजे पाहुणे आले किंवा फ्रिज हलवायचा असला की गेट बाजूला. कडी माणसांच्या बाजूला आणि एका हाताने उघडणारी, कारण दुसऱ्या हातात नेहमी काहीतरी असतं. दोन्ही बाजूंना मिळून दोन-तीन सेंटिमीटर जागा बिजागरी आणि कडीसाठी सोडायची.

७५ बाय ७५ सेंटिमीटरच्या अशा गेटला १४ गज लागतात आणि पाइप १.२ मिलिमीटर जाडीचा धरला तर वजन सहा किलोच्या आसपास भरतं. वेल्डर भाव किलोवर लावतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. बारा किलोचं गेट आणलं तर त्याने गज जाड घातलेत. कुत्र्याला त्याची गरज नाही आणि तुमच्या बिजागऱ्यांना भार. पाइप आणि गज स्वतःच आणायचे असतील तर इतवारीची लोहा ओळ आहेच.

आणताना प्रत्येक जोडावरून हात फिरवा. वेल्डिंगचे दाणे आणि कंगोरे ग्राइंडरने साफ केलेले हवेत. कुत्रा तिथेच नाक घासतो. रंगाचंही विचारा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण वेल्डरकडे पडलेला उघडा डबा घरगुती रंगाचा असेलच असं नाही. घरगुती वापराचा बंद डबा तुम्हीच घेऊन द्या. रंगवल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, गेट गच्चीवर राहू द्या.

११. जुन्या घरात सरकणारं चॅनल गेट आहे. ते ओढून घेतलं तर पुरेल?

नाही. बंद असतानाही त्याच्या पट्ट्यांमधून लहान कुत्रा आरामात निघतो, आणि कोणी ओढत असताना त्याचा पंजा कात्रीत सापडतो. चॅनल चोरासाठी ठेवा, आत वेगळं गेट लावा.

१२. लकडगंजातून प्लायचा तुकडा कापून आणला आणि दारात आडवा अडकवला तर स्वस्तात काम होईल ना?

काम होईल, कुत्रा अडेल. पण तो झोपतो जमिनीवर आणि थंड हवा सरकते जमिनीलगत. दोन फूट उंच सलग फळी नेमकी तीच हवा अडवते. तुम्ही पलंगावर गारव्यात आणि तो फळीमागे उकाड्यात. हिवाळ्यापुरती ठेवा. उन्हाळ्यातही फळीच ठेवायची असेल तर सुताराकडून खालच्या भागात गोल भोकांच्या रांगा पाडून घ्या, भोकं अडीच-तीन सेंटिमीटरची.

गेटपलीकडचं प्रत्येक माणूस पाहून भुंकणाऱ्या कुत्र्यांना मात्र फळीचा उपयोग होतो, कारण दिसत नाही म्हणून भुंकणं कमी होतं. तेव्हा वरचा अर्धा भाग झाका आणि खालचा मोकळा ठेवा.

१३. रो-हाउस आहे, जिन्याला लावायचं आहे. तेच गेट चालेल?

जिन्याच्या खालच्या टोकाला चालेल. वरच्या टोकाला दाबाचं गेट कधीही नको. धक्का बसला तर ते गेटच माणसासकट पायऱ्यांवरून खाली जातं, शिवाय त्याची खालची पट्टी ऐन पहिल्या पायरीवर पायात येते. वर फक्त स्क्रूचं गेट, आणि ते जिन्याकडे न उघडता मजल्याकडे उघडणारं. विटांच्या भिंतीत ड्रिल करून गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) आणि लांब स्क्रू. नुसत्या प्लास्टरमध्ये धरलेला स्क्रू सुटतो. एका बाजूला स्टीलचं रेलिंग असेल तर त्याला गोल क्लॅम्पने लाकडी पट्टी बांधून त्यावर गेट बसवा. रेलिंगलाच वेल्डिंग करू नका, चमक जाते.

१४. सासूबाई गेटच्या खालच्या पट्टीला अडखळतात. लुगडं अडकतं.

मग ते गेट तुमच्या घरासाठी नाही. दाबाच्या गेटला खालची पट्टी असतेच, ती काढता येत नाही. वॉकर, काठी किंवा रात्री उठणारं वयस्क माणूस घरात असेल तर स्क्रूचं किंवा वेल्डरचं, उंबरठा नसलेलं गेट लावा. तोपर्यंत पट्टीला पिवळा किंवा लाल टेप मारा आणि तिथे रात्रीचा छोटा दिवा ठेवा. गेट ओलांडून जाण्याची सवय मात्र घरात कोणालाच लागू देऊ नका. उंच माणसं ओलांडतात, त्यांचं पाहून आजीही एक दिवस प्रयत्न करते.

१५. कुलरजवळचं लोखंडी गेट एका मोसमात गंजलं. लाकडी घेऊ?

लाकडाचं दुखणं वेगळं : मेमध्ये आकसतं, जुलैत फुगतं, आणि मग कडी लागत नाही. शिवाय ते चावलं जातं. लोखंडच ठेवा, पण पावडर कोटिंगचं. कुलरच्या थेट झोतापासून हातभर लांब. गंज बहुतेक वेळा खालच्या दांडीपासून सुरू होतो, कारण नर कुत्रा तिथे पाय वर करतो आणि आपण फक्त फरशी पुसतो. दांडीही साध्या पाण्याने पुसून कोरडी करा. फिनाइल नको, तो ती चाटतो. खर्च झेपत असेल तर खालची दांडी स्टीलची करून घ्या.

१६. पिल्लू गेट कुरतडतं, पंज्याने खालून खणतं.

दात येण्याचा काळ साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत असतो. गेटवर काही कडू फासण्याआधी त्याला चावायला दुसरं द्या : ओला करून फ्रीझरमध्ये गोठवलेला जाड फडक्याचा पिळा उन्हाळ्यात फार चालतो. तो तुमच्या डोळ्यांसमोरच द्या, आणि धागे निघायला लागले की काढून घ्या. मिरचीची पूड लावण्याचा सल्ला घरोघर मिळतो, तो ऐकू नका. ती त्याच्या डोळ्यांत जाते. तासन् तास खणणं, नखं रक्ताळणं हा दाताचा प्रश्न नाही. पुढचं उत्तर वाचा.

१७. गेटमागे ठेवलं की आमचा पॉम सारखा भुंकून राहिला. शेजारी बोलायला लागले. काय करावं?

गेट लावलं त्याच दिवशी बंद केलं असणार. पहिले चार-पाच दिवस गेट उघडंच ठेवायचं आणि जेवण त्याच्या आतल्या बाजूला द्यायचं. मग खाताना बंद करायचं, खाणं संपायच्या आत उघडायचं. मग तुम्ही गेटबाहेर पाटावर बसून भाजी निवडा. तो आत, तुम्ही दोन हातांवर. मग एक मिनिट दुसऱ्या खोलीत. वेळ अशी वाढवायची की त्याला भुंकायची गरजच पडू नये. भुंकत असताना गेट उघडलं की तो शिकतो, भुंकलं की उघडतं. दोन क्षण गप्प बसला की उघडा. घरातल्या सगळ्यांनी हेच केलं पाहिजे. बहुतेक घरांत एक तरी आजोबा असतात जे पाहतात आणि लगेच कडी काढतात.

आधी फिरवून आणा. मेमध्ये म्हणजे सकाळी सहाच्या आत. थकलेला कुत्रा गेटमागे झोपतो.

पण तुम्ही घराबाहेर पडताच लाळ गळणं, थरथरणं, जागीच लघवी, गेटवर दात घासून रक्त, असं होत असेल तर ती एकटेपणाची खरी भीती आहे आणि गेटने ती वाढते. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. उंच गेट आणणं हा त्यावर उपाय नाही.

१८. दोघंही नोकरीला जातो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा गेटमागे ठेवलं तर चालेल?

सलग नऊ तास, नाही. पिल्लाची लघवी धरण्याची ताकद ढोबळमानाने वयाचे महिने अधिक एक, इतके तास असते. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तासांनी कोणीतरी बाहेर काढायलाच हवं. मोठ्या कुत्र्यालाही दुपारी एक फेरी हवी. शेजारची पोट्टी शाळेतून येतात, त्यांच्यापैकी एखादा खुशीने येतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात याहून मोठा प्रश्न आहे लाईट जाण्याचा. कुत्रा गेटमागे, कुलर बंद, पश्चिमेची खोली, बाहेर ४५ अंश. तो दुसऱ्या खोलीत जाऊही शकत नाही. म्हणून गेट एका खोलीला लावण्यापेक्षा घराचा मोठा भाग त्याच्याकडे राहील असं लावा : स्वयंपाकघर आणि देवघर बंद, बाकी मोकळं. फरशी उघडी ठेवा, गालिचा काढा. पाण्याची दोन जड भांडी ठेवा. एक तो उलटवणारच. कुलरची वायर आणि पाण्याची टाकी गेटच्या दुसऱ्या बाजूला राहायला हवी.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावरचं. जोरजोरात धाप, गडद लाल हिरड्या, घट्ट लाळ, झोकांड्या दिसल्या तर साध्या गार पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. बर्फात बुडवू नका.

१९. त्यापेक्षा साखळीने बांधलं तर? गेटचा खर्च वाचतो.

साखळी खुर्चीच्या पायाला गुंडाळते, आणि घाबरलेला लहान कुत्रा तिच्यात मान अडकवून घेतो. कायद्याचंही बघा : १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणंही त्याच कलमात येतं, म्हणून गेटमागची जागा बाथरूमएवढी नको.

२०. घरात मांजरही आहे. तिला जाता यावं म्हणून छोटं दार असलेलं गेट घेतलं. कुत्राही त्यातूनच जातो!

ते छोटं दार मोठ्या कुत्र्यांच्या घरासाठी केलेलं असतं. चार किलोचा कुत्रा आणि चार किलोची मांजर यांच्यात दार फरक करत नाही. ते कायमचं बंद करा आणि मांजरीला वरून जायला गेटशेजारी भिंतीवर एक फळी मारा. तीन-साडेतीन फुटांवर लावली तर मांजर चढते, पग बघत बसतो. जॅक रसेल असेल तर देव तारी.

२१. महालक्ष्म्यांना घर भरलेलं असतं, दिवाळीत फटाके. तेव्हा गेट पुरतं का?

महालक्ष्म्यांना पुरतं, पण कडीवर एक माणूस नेमा. जेवायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी ‘किती गोड आहे’ म्हणत उघडतंच. गेटवर पाटी लावा आणि पुरणाचं ताट आत जाणार नाही हे बघा. मुख्य दारातून दूधवाला, सिलिंडरवाला, पाहुणे यांची ये-जा असते, तेव्हा हॉलच्या आत दुसरं गेट असलं की एक दार उघडं राहिलं तरी कुत्रा रस्त्यावर जात नाही.

दिवाळीत गेटवर विसंबू नका. सुतळी बॉम्बला घाबरलेला पाच किलोचा कुत्राही दाबाचं गेट पाडतो. तेव्हा थंडी सुरू झालेली असते, कुलर बंद असतो. आतल्या खोलीचं दार आणि खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा आणि कोणीतरी सोबत बसा.

२२. सोसायटीच्या पॅसेजमध्ये, लिफ्टसमोर गेट लावता येईल का? म्हणजे फ्लॅटचं दारही उघडं राहील.

नाही. पॅसेज सगळ्यांचा आहे आणि आग लागली तर तोच बाहेर पडायचा रस्ता. गेट फ्लॅटच्या चौकटीच्या आतच लावा. सेफ्टी डोअरला जाळी असेल तर तेच तुमचं गेट : खालच्या फटीला रबरी पट्टी लावा आणि गजांचं अंतर प्रश्न ४ प्रमाणे तपासा.

२३. आता दीड वर्षाचा झाला, शहाणा आहे. गेट काढून टाकू?

आधी उघडं ठेवून बघा. तुम्ही घरात असताना दोन आठवडे, मग अर्धा तास बाहेर जाऊन. परत आल्यावर कांद्याची टोपली आणि चपला जागेवर आहेत का ते पाहा. दाबाचं गेट काढायचं तर बोल्ट सैल करून काढा आणि वाट्या भिंतीवर राहू द्या. नवं पिल्लू, आजारी कुत्रा किंवा रांगणारं नातवंड आलं की परत लागतं. वेल्डरचं असेल तर बिजागरीवरून उचला आणि गच्चीवर न ठेवता माळ्यावर ठेवा, पावसाळ्यात गंजतं. स्वयंपाकघराचं गेट मात्र आम्ही म्हणू की राहू द्या.